वर चढलेला गंज

"तुमच्याकडे दात कोरायची जुनी हत्यारं आहेत का? बोथट झालेली… फेकून द्यायची असतील अशी?"

मी मान वर केली. दारात एक माणूस उभा होता. केसांवर पावसाचे थेंब, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि मनगटापासून वर ग्रीसचा काळा पट्टा. डोळे मात्र असे, की आधी ते दिसले आणि मग ग्रीस.

"दवाखाना खालच्या मजल्यावर आहे," मी म्हटलं. "इथे नुसते दात बनतात. माणसं आम्ही तपासत नाही."

"माझं काही दुखत नाहीये. मी लिफ्ट दुरुस्त करायला आलोय. पण तुमची पाटी वाचली आणि… राहवलं नाही."

"बोथट हत्यारांसाठी राहवलं नाही?"

"रणगाड्यासाठी हवी आहेत," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्याने घाईघाईने दोन्ही तळहात जवळ आणले. "म्हणजे एवढासा. प्लास्टिकचा. चाकांच्या मधे चिकटलेला गोंद खरवडायला बाजारात मिळतं ते काही कामाचं नसतं. दातांच्या हत्याराला तोड नाही."

आता मला हसू आवरेना. मी खण उघडला आणि वाकड्या टोकांच्या जुन्या सळ्यांची मूठभर जुडी त्याच्या हातात ठेवली. लग्नात आहेर मिळावा तसा त्याचा चेहरा फुलला. जायचं सोडून तो माझ्या टेबलावर वाकला. मी तेव्हा एका दाढेवर बारीक ब्रशने पिवळट तपकिरी रंग लावत होते.

"अहो, नवा कोरा दात मळवताय का?"

"याच्या शेजारचा दात आयुष्यभर चहा पीत आलाय. हा पांढराशुभ्र राहिला तर तोंडात पाहुण्यासारखा दिसेल."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी रणगाड्याला हेच करतो," तो हळूच म्हणाला. "आधी जोडायचा, रंगवायचा. मग पोपडे उडवायचे, चिखल, गंज… म्हणजे तो जगून आलाय असं वाटतं. वेदरिंग म्हणतात त्याला."

अशी झाली आमची ओळख. त्यानंतर आमच्या इमारतीची लिफ्ट फार नाजूक प्रकृतीची झाली.

"लिफ्ट सारखी बिघडते की कुणी बिघडवतं?" मी विचारायची.

"बघतोय ना मी… मुळापर्यंत जावं लागेल," तो म्हणायचा आणि माझ्या टेबलासमोरचं स्टूल ओढून बसायचा. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत असायचा, आत भट्टीची ऊब. तो डब्यातून रणगाड्याचे सुटे भाग काढून दाखवायचा. प्लास्टिकच्या चौकटीतून कापलेली चाकं, साखळीच्या कड्या, डोळ्यात जातील एवढेसे रिव्हेट. एकदा त्याने एक चाक माझ्या तळहातावर ठेवलं आणि बोट उचलायला जरा उशीरच केला. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या सुळ्याला चुकून दाढेची छटा दिली.

'तुम्ही' म्हणता म्हणता आम्ही कधी 'तू'वर आलो, कळलंच नाही. घरी ताईला मात्र सगळं कळत होतं. "काय गं, हल्ली जिन्याने जायची सवय मोडली वाटतं तुझी," ती म्हणायची आणि मी उगाच भांडी आपटायची.

सगळं असं छान चाललं होतं, तेवढ्यात तो म्हणाला, "गंजाचे ओघळ काढावेत ते गंजराणीनेच. तिच्यासारखा हात कुणाचा नाही."

हे वाक्य त्याने चहा पिता पिता टाकलं. माझ्या हातातला चहा तिथेच गार झाला.

"गंजराणी म्हणजे कोण?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आमच्या मॉडेलांच्या क्लबातली. दिवसा गॅरेजमधे गाड्यांचा गंज घालवते आणि रविवारी आमच्याकडे येऊन गंज चढवते. म्हणून सगळे तिला गंजराणी म्हणतात. जोडीच्या टेबलावर आम्ही दोघं नेहमी असतो ना…"

"जोडीच्या?"

त्याने मग नीट सांगितलं. क्लबाचं दर वर्षी प्रदर्शन भरतं. त्यात एक टेबल असं, की एक मॉडेल दोघांनी मिळून करायचं. एकाने जोडायचं आणि रंगवायचं, दुसऱ्याने त्याला म्हातारं करायचं. आणि एक नियम… नियम कसला, रिवाजच. दुसऱ्याच्या मॉडेलला कुणी हात लावायचा नाही. फक्त जोडीदाराला ती मुभा.

म्हणजे त्याच्या रणगाड्याला जगात एकच बाई हात लावू शकत होती, आणि ती मी नव्हते.

मी काही मत्सरी वगैरे नाही, असं मला तोवर वाटत असे. पण त्या रात्री मला झोप लागेना. ती कशी दिसत असेल? तिची बोटं कशी असतील? रणगाडा धरताना ती त्याच्या अंगावर रेलत असेल का? एवढ्याशा रणगाड्यासाठी दोन माणसांना किती जवळ बसावं लागेल, याचा हिशोब मी उशीवर डोकं ठेवून करत बसले. सकाळी ताई म्हणाली, "डोळे का सुजलेत?" मी म्हटलं, "भट्टीची धग." भट्टी त्या दिवशी पेटवायची होती अजून.

पुढच्याच रविवारी मी क्लबात गेले. त्याने बोलावलं होतं म्हणून नाही. बोलावलं होतंच, पण मी तिला बघायला गेले.

एका गोदामाच्या पोटमाळ्यावर लांबलचक टेबलं मांडलेली. दिव्यांखाली वाकलेली डोकी, गोंदाचा आणि टर्पेंटाइनचा वास. आणि ती. उंच, दणकट, केस कानामागे खोचलेले, हसली की चार टेबलं हलतील अशी. दिसायला वाईट असती तर माझं किती बरं झालं असतं!

"ही दातवाली का? ये ये!" ती म्हणाली. "अगं, तुझ्या त्या सळ्यांनी काय चाकं साफ केलीत याने. आमच्याकडे दुसरा विषयच नाही."

हे ऐकून खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तिने बोलता बोलता त्याच्या हातातला रणगाडा उचलला, आपल्या घरचा पेला उचलावा तसा. त्याने तो दिला. बघितलंसुद्धा नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"यंदा ओघळ बाजूच्या पत्र्यावर जास्त हवेत," ती म्हणाली. "रिव्हेटखाली ठिपका ठेवायचा आणि—"

"ओघळ मी काढते," मी म्हणाले.

शेजारचा एक म्हातारा विमान जोडायचं थांबून बघायला लागला.

"तू?" लिफ्टवाला म्हणाला.

"का? रोज दातांवर काय करते मी? केसाएवढ्या भेगा काढते. तुझे ओघळ काय जड आहेत?"

तो माझ्याकडे बघत होता, आणि मग… मग त्याने गंजराणीकडे बघितलं. क्षणभरच. विचारल्यासारखं. ते बघणं मला काट्यासारखं टोचलं. ती खांदे उडवून म्हणाली, "दे की. मलाही बघू दे दातवालीचा हात."

त्याने डबा माझ्या हातात दिला. "जपून," तो म्हणाला. "आणि… जोडीच्या टेबलासाठी आहे हा."

जोडीच्या टेबलासाठी! मी जिना उतरले नाही, तरंगत खाली आले.

दुसऱ्या दिवशी लॅबमधे काम आटोपून मी रणगाडा बाहेर काढला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या धंद्यात वरच्या जबड्याचे दात आम्ही कायम उलटेच बघतो. साचा टेबलावर पालथा, दात छताकडे. तोंडात जे वर, ते आमच्या हातात खाली. इतकी वर्षं असं काम केल्यावर उलटी वस्तू डोळ्यांना उलटी वाटतच नाही.

रंगाला बोट लागू नये म्हणून मी रणगाड्याचा बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा भाग, काढून बाजूला ठेवला. बुरुजाच्या भोकात लाकडी दांडी अडकवली आणि ती दांडी माझ्या स्टँडमधे उभी केली. दाढ उभी करतो, अगदी तशी. रणगाड्याचं पोट छताकडे. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

आणि मग मी काय काम केलं! प्रत्येक रिव्हेटपाशी तपकिरी तेलरंगाचा टाचणीएवढा ठिपका. ओलसर ब्रशने तो खाली ओढत न्यायचा, विरत विरत, जणू किती पावसाळे त्या पत्र्यावरून वाहून गेलेत. कुठे दाट, कुठे श्वास सोडल्याइतका पुसट. ब्रश ओढताना मी मनात म्हणत होते, बघ गंजराणी. बघ आता.

काम संपलं तेव्हा एक विचार मनात आला. तेलरंग पुसता येतो. टर्पेंटाइनचा एक बोळा फिरवला की सगळं साफ. रविवारी ती म्हणेल, "जरा इथे चुकलंय गं," आणि तिची ती लांब बोटं माझ्या ओघळांवरून फिरतील. तो बघत राहील. म्हणेल, "तुझ्यासारखा हात नाही कुणाचा…"

ओघळ वाळेपर्यंत मी कसाबसा धीर धरला आणि त्यावर वार्निश मारलं. एक हात नाही, दोन. आता पुसून दाखव म्हणावं.

रविवारी क्लबात सगळे गोळा झाले. मी डबा उघडला, दांडीसकट रणगाडा त्याच्या हातात दिला. त्याने दांडी काढली, रणगाडा सुलटा करून टेबलावर ठेवला, वर बुरूज बसवला.

कुणीच काही बोलेना. मला वाटलं, भारावलेत.

"अगं बाई," गंजराणी म्हणाली, "गंज वर चढतोय की हा!"

मी बघितलं. प्रत्येक रिव्हेटपासून एकेक सुंदर ओघळ निघाला होता आणि विरत विरत… आभाळाकडे गेला होता. माझ्या हातातलं सगळं कसब त्या पत्र्यावर उलटं होऊन बसलं होतं. विमानवाला म्हातारा खोकला. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि गंजराणी हसली. ती हसली म्हटल्यावर चार टेबलं हललीच.

"होतं गं असं," ती डोळे पुसत म्हणाली. "आण इकडे, बोळा फिरवते." तिने टर्पेंटाइनचा बोळा घासला. पुन्हा घासला. मग तिने मान वर केली. "वार्निश मारलंस?"

"हो."

"एवढ्यात का मारलंस? आधी दाखवायचंस ना!"

काय सांगणार होते? तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याला काय वाटतंय ते मला वाचता येईना.

"आता सगळा रंग उतरवावा लागेल," गंजराणी म्हणाली. "पुढच्या रविवारी तर प्रदर्शन. राहू दे. माझा ट्रक तयार आहे, तोच लावू जोडीच्या टेबलावर. काय रे?"

"बघतो," तो म्हणाला.

बघतो! नाही म्हणाला नाही. मी छत्री उचलली आणि निघाले. छत्री उघडायचं भान रस्त्याच्या टोकाला गेल्यावर आलं, आणि तोवर उघडून काही फायदाही नव्हता.

पुढचा सबंध आठवडा लिफ्ट अगदी ठणठणीत होती. मी मात्र तिची दारं वाजली की कान टवकारायची. कधी सफाईवाली, कधी साचे घेऊन येणारा माणूस. तो नाही. तो ट्रक रंगवत असणार. ती त्याच्या शेजारी बसली असणार. हसत असणार दोघं, आणि हसायला विषय कोण, ते काय मला सांगायला हवं?

"चूक झाली तर झाली, जाऊन सांग ना त्याला," ताई म्हणाली.

"काय सांगू? की तिचा हात लागू नये म्हणून मी तुझा रणगाडा कायमचा बिघडवला?"

"हो. अगदी हेच."

"ताई, तू ना… तुझं लग्न झालंय. तुला काय कळणार."

"म्हणूनच कळतं," ताई म्हणाली आणि माझ्यापुढचं ताट उचलून घेऊन गेली. मी जेवले नव्हते, हे तिला दिसलं होतं.

शुक्रवारी दुपारी मी एका पुढच्या दाताशी झटत होते. दार ढकललं गेलं. लिफ्टचा आवाज आला नव्हता. तो जिन्याने आला होता, धापा टाकत, कोपरापर्यंत पांढऱ्या मातीने माखलेला.

"तुझ्याकडे प्लास्टर आहे ना?" तो म्हणाला. "साच्यांचं? माझं संपलं."

इतक्या दिवसांनी आला आणि प्लास्टर मागतोय! "कशाला?" मी म्हटलं. "ट्रकखाली रस्ता करायचाय?"

"कसला ट्रक?"

"तिचा."

"तो ती एकटीच लावतेय. मी रविवारीच सांगितलं तिला." त्याने हातातलं खोकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. "हे बघ आधी."

खोक्यात एक खड्डा होता. अर्धवट प्लास्टरचा, कडांना गवत आणि चिखल. आणि त्या खड्ड्यात रणगाडा उलथा पडला होता. बुरूज चिखलात रुतलेला, साखळ्या तुटून लोंबलेल्या, पोट आभाळाकडे. माझे ओघळ प्रत्येक रिव्हेटपासून निघून खाली, अगदी सरळ खाली, मातीकडे गेले होते. किती वर्षं तो तसाच पडून आहे, किती पाऊस त्याच्यावर पडून गेलाय, ते एका नजरेत कळत होतं.

मी खोकं फिरवून चारही बाजूंनी बघितलं.

"तुझा एकही ओघळ चुकलेला नाही," तो म्हणाला. "चुकीचा होता तो रणगाडा."

"हे… गंजराणीने सुचवलं?" मी विचारलं. हो, त्या क्षणीसुद्धा मी हेच विचारलं.

"ती म्हणाली, सगळा रंग उतरव, मी नव्याने करून देते. मी रात्रभर हातात घेऊन बसलो. उतरवायला हात होईना. असे ओघळ मी कधी पाहिले नव्हते गं… मग तो तसाच उलटा धरला आणि दिसलं." त्याने माझ्याकडे बघितलं. "पण एक सांग. एवढ्या घाईने वार्निश का मारलंस?"

भट्टी घुमत होती. मी ब्रश खाली ठेवला.

"तिचा हात लागू नये म्हणून," मी म्हटलं. "तू तिला रणगाडा दिलास ना, न बघता, तेव्हा मला ते सहन झालं नाही. ती चांगली आहे हे कळतंय मला. त्याचाच तर जास्त राग येतो. तू तिच्याकडे बघून मला परवानगी दिलीस, त्याचाही राग आला. मी जळते तिच्यावर. बस. ऐकायचं होतं ना, ऐक."

तो स्टूल ओढून समोर बसला, नेहमीसारखा.

"तिच्याबरोबर इतकी प्रदर्शनं केली," तो म्हणाला. "ती एखाद्या रविवारी आली नाही, तर मी माझं काम करत बसतो. तू रविवारी जिना उतरून गेलीस… आणि मला ब्रश कुठल्या रंगात बुडवायचा तेसुद्धा कळेना. म्हणून या खड्ड्यात घुसलो. हा पुरा केल्याशिवाय तुझ्यासमोर यायला तोंड नव्हतं मला. आणि प्लास्टर नेमकं आजच संपलं."

"प्लास्टर दुकानातही मिळतं," मी म्हटलं.

"मिळतं," तो म्हणाला. "माहीत आहे मला."

त्याचे कान लाल झाले होते. मी उठून प्लास्टरचा डबा काढला, पाणी घातलं. कालवताना आमचे हात एकाच वाडग्यात होते आणि दोघांपैकी कुणालाही घाई नव्हती.

रणगाड्याचं पोट मात्र तसंच करडं, कोरं होतं. पोट कुणी रंगवतच नाही, ते कधी दिसत नाही. शनिवारभर आम्ही तेच रंगवलं. पत्र्याच्या खळग्यात साचलेलं पाणी, कुजलेलं पान, कडांना सोललेला गंज. या वेळी मी उलटं-सुलटं दोनदा विचारून घेतलं आणि तो दर वेळी हसला.

रविवारी प्रदर्शनात आम्हाला काही मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, रणगाड्याची तोफच दिसत नाही, याला गुण कसे द्यायचे? गंजराणीचा ट्रक पहिला आला. आला तर आला, कामच तसं होतं. दुपारी ती आमच्या टेबलापाशी आली, कमरेवर हात ठेवून खड्ड्यात वाकली. किती तरी वेळ बघत राहिली.

"दातवाली," ती शेवटी म्हणाली, "हे ओघळ मला जमले नसते." आणि सवयीने तिचं बोट पत्र्याकडे गेलं.

माझ्या कपाळावर आठी चढली. मी उदार वगैरे झाले नव्हते, एका दिवसात कुणी होत नाही. पण मी काही बोलायच्या आत त्याने हात मधे घातला.

"नको गं," तो गंजराणीला म्हणाला, सगळ्यांसमोर, अगदी सहज. "हिला आवडत नाही."

"रिवाज माहीत आहे मला. पण इतकी वर्षं—"

"रिवाजाचं नाही म्हणत मी. हिला आवडत नाही, आणि माझं प्रेम आहे हिच्यावर. म्हणून."

विमानवाल्या म्हाताऱ्याच्या हातून पंख निसटला. गंजराणीने बोट मागे घेतलं, माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि असं काही हसली, की या वेळी मलाही हसू आलं. मी टेबलाखालून त्याचा हात शोधला. बोटांवर अजून थोडं प्लास्टर वाळलेलं होतं. मी तो हात घट्ट धरला आणि मग टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा, ठेवून दिला.